सुमन आणि गदरलेला जाम

फोन आला तेव्हा मी आदिलाबादला आमच्या दुकानासमोर बसून सीताफळं निवडत होते. डोंगराकडच्या बायका सकाळीच टोपल्या आणून ओततात आणि त्या ढिगातून आज विकायची कोणती, उद्यासाठी ठेवायची कोणती, हे तेव्हाच्या तेव्हा ठरवावं लागतं. ज्याचे डोळे उघडलेत, खाचा पांढुरक्या झाल्यात, ते आज. ज्याचे अजून मिटलेले आहेत, ते उद्या. दुपारपर्यंत रेंगाळलं तर आजची फळं हातातच फुटतात. माझ्या लहानपणच्या मैत्रिणीची, सुमनची मुलगी संघमित्रा मंचेरियलहून बोलत होती. "मावशी, आई गेली वं... चहा ठेवून राह्यली व्हती, तिथंच खाली बसली." मी काय बोलले ते आठवत नाही. एवढं आठवतं, की फोन मान वाकडी करून खांद्यात धरला होता आणि माझे हात फळं निवडतच राहिले होते. आज, उद्या, आज, आज... शेजारच्या नारळवाल्यानं विचारलं, "भाभी, क्या हुआ?" तेव्हा कुठे मी उठले. आणि उठले ती अजून धड बसलेली नाही.

त्या दिवशी नेमका बंद होता. हल्ली वेगळ्या राज्यासाठी कधी बंद पुकारला जाईल याचा नेम नसतो, त्यातलाच एक. बस डेपोतून बाहेर पडेना. मी पिशवी भरून तयार, तर आमचे हे म्हणाले, "कशानं जाशील? रस्त्यात टायर जाळून राह्यलेत. आपली मोसंबीची गाडी कालपासून नेरडीगोंड्याले उभी हाय, अन् तू मंचेरियलच्या गोष्टी करतं!" त्यांचं खरं होतं, पण खऱ्याचं काय करायचं असतं अशा वेळी? मी स्टँडवर गेले, परत आले, पुन्हा गेले. तिथला कंट्रोलर मला ओळखतो. तिसऱ्यांदा मला पाहून त्यानं तोंड फिरवलं. संध्याकाळी संघमित्रानं कळवलं, की सगळं आटोपलं. म्हणजे माझी आणि सुमनची शेवटची भेट उन्हाळ्यातलीच राहिली, आणि तीही भांडणाची. पेपरच्या पुरवणीसाठी सुमनवर चार ओळी लिहून द्या असं सांगणं आलं तेव्हा मी म्हटलं, मी बाई फळं विकते, मला काय लिहिता येणार. पण फळं ज्या पेपरांत गुंडाळून येतात ते वाचत वाचतच मी माझं मराठी टिकवलंय, आणि शिवाय हातांना काहीतरी काम हवंच आहे.

आम्ही दोघी बेल्याच्या. महाराष्ट्राची हद्द हाकेच्या अंतरावर, शाळा मराठी, पुस्तकं मराठी. सरकारी कागद आला की तो मात्र तेलुगूत असायचा आणि मास्तरांसकट अख्ख्या गावाची पंचाईत व्हायची. आमचा जामाचा मळा होता. जाम म्हणजे पेरू. आमच्याकडे कुणी पेरू म्हटलं तर तो पाहुणा आहे हे लगेच ओळखतात. सुमनची आई आमच्या मळ्यात खुरपायला आणि तोडणीला यायची, आणि शाळा सुटली की तिच्या मागं सुमन. तोडणीची रीत ठरलेली होती. हिरव्याचा नुकता पिवळसर होऊ लागलेला, बोटानं दाबलं तर किंचित नमणारा, त्याला आम्ही गदर म्हणतो. तो टोपलीत, आदिलाबादच्या बाजाराला. जो झाडावरच मऊ पडला, पाखरांनी टोचला, खाली गळला, तो उतरलेला. त्याचा बाजूला ढीग. दिवस मावळताना कामाच्या बाया त्या ढिगातले जाम पदरात घेऊन घरी जायच्या. माझ्या वडिलांना, बापूंना वाटायचं, आपण मोठे दिलदार. आणि ते होतेही. रिकाम्या हातानं त्यांनी कुणाला पाठवलं नाही. पण पुढे पुष्कळ वर्षांनी, माझ्याच दुकानात उभं राहून चहा पिताना सुमन मला म्हणाली, "बापूंनं आमाले उपाशी नाई ठेवलं कधी. पन जाम मातर जन्मभर उतरलेलाच देल्ला. गदर जाम मी पयल्यांदा खाल्ला तो हॉस्टेलात, मैत्रिणीच्या डब्यातला. मले वाटलं, हे वेगळंच फळ हाय." मला चांगलाच राग आला. "मंग आता काय, बापूंले वरून खाली बोलावू?" असं मी बोलून गेले. ती हसली. "अवं नाई. मी फकत हिसाब करून राह्यली व्हती, त्या उतरलेल्यात आमच्यासाठी काय उरलं असंल." तिचं बोलणं असं असायचं; आरोपही नाही आणि माफीही नाही. मला मात्र चार दिवस जेवण गोड लागलं नाही.

दहावीनंतर माझं लग्न होऊन मी आदिलाबादेत या फळांच्या दुकानात आले आणि सुमन हॉस्टेलातून हॉस्टेलात सरकत पार हैदराबादेला जाऊन केमिस्ट्री शिकून आली. तिच्या घरात कुणी कॉलेजची पायरी पाहिलेली नव्हती. ती आमच्या आदिलाबादच्या कॉलेजात शिकवायला लागली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात दुकानात येऊन उभी. मला वाटलं गळ्यात पडेल. तर म्हणाली, "निमे, चार जाम दे. एक कच्चा, एक गदर, एक पिकेल, एक उतरेल." मी म्हटलं, "घरी चार तोंडाचा पाव्हना आला का वं?" "खायाचे नाईत. तपासाचे हायेत." "आमी फळं इकून पोट भरतो अन् तू त्याईची चिरफाड कर. बरं हाय!" त्या दिवसापासून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. कधी जाम, कधी बोरं, कधी सीताफळ. एक दिवस ठेवलेलं, चार दिवस ठेवलेलं, पेंढ्यात पिकवलेलं, ओल्या गोणपाटाखाली ठेवलेलं, उन्हात ठेवलेलं. माझ्या माळ्यावर तिनं कोपरा अडवला होता आणि तिथल्या फळाला आम्ही कुणी हात लावला की ओरडायची.

नेमकं काय करते हे मला कळावं म्हणून तिनं एकदा दुकानाच्या फळीवरच मांडामांड केली. कॉलेजात तिच्याकडे काचेच्या नळ्या होत्या. माझ्यासाठी घरचा सरंजाम. जामाचा रस, त्यात भाताची थोडी पेज, आणि जखमेला लावायचं तांबूस आयोडीन पाण्यात पातळ करून. थेंब सोडला की पेजेमुळे निळा ढग उमटायचा आणि बघता बघता विरून जायचा. "जामात व्हिटॅमिन सी हाय तोवर ते आयोडीन गिळंल. ते संपलं का निळं तसंच राह्यते. जेवढे थेंब गडप झाले, तेवढं फळ भरेल हाय." कच्च्या जामानं बरेच थेंब गिळले. गदर जामानं त्याहून जास्त, इतके की मी कंटाळले. पूर्ण पिकलेला जरा मागं पडला आणि उतरलेला तर लवकरच निळा पडला. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

केळ्याच्या प्रयोगानं तर आमचं दुकानच बसलं असतं. कच्च्या केळ्यात सगळं पीठ असतं आणि पिकताना त्याची साखर होते, हे दाखवायला तिनं दोन चकत्या कापून दोन्हींवर आयोडीन सोडलं. कच्ची चकती काळीनिळी झाली, पिकलेली होती तशी राहिली. तेवढ्यात एक बाई केळी घ्यायला आल्या. त्यांनी ती काळी चकती पाहिली, "अवं बाई, दवाई मारेल हाय वाटते!" म्हणून पिशवी मिटली आणि गेल्या. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की यांची केळी काळी पडतात. आमचे हे कपाळाला हात लावून म्हणाले, "तुझी मैत्रीण आपल्याले भिकेले लावते." दुसऱ्या दिवशी सुमनला कळलं तशी ती कॉलेजातून थेट आली, साडीवर खडूची पांढरी बोटं तशीच, आणि दुकानासमोर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला तीन भाषांत केळ्यातल्या पिठाची साखर कशी होते ते समजावत राहिली. लोक ऐकायला थांबले, आणि थांबलेला माणूस काहीतरी घेतोच. त्या दिवशी उरलेली सगळी केळी खपली, पण याचं श्रेय यांनी तिला आजतागायत दिलेलं नाही.

आमची भांडणं मात्र खरी होती. मी म्हणायचे, गिऱ्हाइकाला गोड हवं, मऊ हवं. गिऱ्हाईक तोंडानं खातं, आयोडीननं नाही. ती म्हणायची, मग गोड झालं म्हणजे चांगलं झालं हे त्यांच्या डोक्यात कुणी घातलं? बाजाराच्या दिवशी मोठ्या हुद्द्याची माणसं गाडीतून उतरून दूरदेशीची सफरचंदं न्यायची आणि शेजारी आमचे जाम टोपलीत पडून असायचे. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काय उगीच? सुमननं त्या सफरचंदाचा रस काढून थेंब सोडला तर तो जवळजवळ लगेच निळा. तिला उभ्या उभ्या हसू आवरेना. बसायची ती कधीच नाही. फळ कापलं की तिला घाई सुटायची. "चाल, चाल, गोष्टी मंग करू, हे जाऊन राह्यलं!" आम्हा फळवाल्यांना सडण्याची धास्ती असतेच, डाग पडला, पाणी सुटलं की जीव खालीवर होतो. पण ते डोळ्यांना दिसतं तरी. हिचा जीव जे दिसतच नाही त्याच्यासाठी टांगलेला असायचा. फक्त आवळ्यापाशी ती निवांत व्हायची. आवळा वाळवला तरी पुष्कळसं धरून ठेवतो. "लय हट्टी फळ हाय," असं ती कौतुकानं म्हणायची, आणि मी म्हणायचे, तुझ्या जातकुळीचं.

हे सगळं ती कशासाठी करत होती ते मला उशिरा कळलं. बेल्याच्या बाजूला मुलींचं एक सरकारी हॉस्टेल होतं. सुमन सुटीच्या दिवशी तिथं गणित-विज्ञान शिकवायला जायची. एकदा तिथून येऊन ती दुकानाच्या पायरीशी उभी राहिली आणि म्हणाली, "पोरी दात घासते तं हिरड्यातून रगत येते. अर्ध्या पोरीईले. मायं बी यायचं. तवा मले वाटे, दात घासलं का रगत येतेच." भात, पातळ वरण, आणि संध्याकाळी पुड्यातली बिस्किटं, एवढंच त्या मुलींच्या वाट्याला. आणि हॉस्टेलच्या अंगणात, आसपासच्या मळ्यांत जामच जाम. बिस्किटाऐवजी रोज एक जाम द्या, एवढंच तिचं मागणं. जिल्ह्याच्या ऑफिसात अर्ज दिला तर उत्तर आलं, की जामात व्हिटॅमिन सी आहे हे कशावरून? हैदराबादच्या लॅबचा दाखला आणा.

तिनं जाम पाठवले. टोपली मी स्वतः भरली होती, पेंढ्याचे थर देऊन, एकाला एक लागू न देता. पण मध्ये सणाच्या सुट्ट्या आल्या आणि टोपली तिकडे कुठल्याशा व्हरांड्यात पडून राहिली. उघडली तेव्हा काय अवस्था असेल ते मला न बघता सांगता येईल. दाखला आला: नगण्य. त्या एका शब्दावर इकडची फाईल बंद झाली. सुमन तो कागद घेऊन दुकानात आली. "निमे, तिथं जाम पोचलाच नाई वं. जामाचं मढं पोचलं." मी म्हटलं, जाऊ दे, आवळे पाठव, ते टिकतात. "टिकनाऱ्याचं कायले सांगतं मले? पोरीईच्या अंगनात जाम हाय!" असं म्हणून ती निघून गेली, आणि वाटेत रस्त्यावरच्या दगडाला तिनं लाथ मारली तेही मी पाहिलं. कॉलेजातली बाई, भर बाजारात.

मग ती ऑफिसच्या खेपा घालू लागली. साहेब बदलले, नवे आले, तीही दारात हजर. शेवटी या नव्या साहेबांनी तिच्या चिकाटीपुढे हात टेकले असावेत. बेल्याकडे दौरा आहे, जाता जाता दहा मिनिटं हॉस्टेलवर थांबतो, "जो दिखाना है, वहीं दिखाओ," म्हणाले. सुमन मला म्हणाली, "तू चाल संगं. या वक्ताले फसलं तं पुन्ना कोनी पाह्याले यायाचं नाई. बिस्किटं ते बिस्किटंच." मी दुकान यांच्यावर टाकून गेले. बसमध्ये ती सारखी पिशवी उघडून आयोडीनची बाटली पाहत होती, आणि बाटली काही कुठे जाणार नव्हती.

हॉस्टेल सारवून-झाडून लख्ख केलेलं. दारात रांगोळी. स्वयंपाकीण पार्वताबाई नवं लुगडं नेसून उभी. आम्ही पोचलो आणि पाठोपाठ साहेबांची जीप आलीच, त्यामुळे आत जायला सवड मिळाली नाही. जाम तयार ठेवा, असा निरोप सुमननं आधीच धाडला होता. आतून स्टीलच्या गिलासात रस आला. साहेब खुर्चीत, मुली रांगेत. सुमननं पेज मिसळली आणि पहिला थेंब सोडला. निळा ढग आला आणि राहिला. दुसऱ्या थेंबाला आणखी गडद. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "मैडम, तो वो रिपोर्ट सही था ना?" ते रागावले असते तर बरं झालं असतं. सुमन तरातरा स्वयंपाकघरात गेली, मी तिच्या मागं.

तिथं चुलीशेजारी तांब्याचं मोठं घंगाळ होतं, आणि त्यात रस. आमच्याकडे मानाचा पाहुणा आला की त्याला जे काही द्यायचं ते तांब्यातलं. तांब्यातलं पवित्र, तांब्यातलं थंड. पार्वताबाईनं दिवस उगवायच्या आत जाम तोडून, ठेचून, फडक्यानं गाळून रस काढला होता, आणि घंगाळ चिंचेनं इतकं घासलं होतं की त्यात तोंड दिसावं. वर ओलं फडकं. तिच्या परीनं तिनं काही बाकी ठेवलं नव्हतं. "मॅडम, काई चुकलं का वं मायं?" तिनं घाबरून विचारलं. सुमननं घंगाळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नाई मावशी. लय लखलख करून राह्यलं." आणि मला बाजूला ओढून पुटपुटली, "घासेल तांबं अन् आंबट रस. सकाळपासून सारं व्हिटॅमिन खाऊन टाकलं त्यानं." मी म्हटलं, "मंग सांग ना सायबाले! या बाईनं नासवलं म्हनून सांग, सुटलो." तिनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. "गप. त्या बाईची नोकरी जाईल. अन् तिनं तं मान केला वं... मीच नीट सांगतलं नाई."

बाहेर साहेब उठून जीपकडे निघाले होते. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं होतं. सुमन त्यांच्यामागं धावली. "सर, वो रस सुबह से रखा हुआ था. गलती मेरी है, मैंने समझाके बोला नहीं. अभी पेड़ का देखिए." साहेब म्हणाले, अगली बार. आणि अगली बार म्हणजे काय ते सुमनला चांगलं ठाऊक होतं. तिनं वळून मुलींकडे पाहिलं आणि ओरडली, "पोरींनो, गदर जाम तोडा! पळा!" एवढं म्हणायचा अवकाश, रांग मोडली. मुली झाडावर, भिंतीवर, एकमेकींच्या खांद्यावर. क्षणात जीपच्या भोवती हातात जाम घेतलेल्या मुलींचा गराडा पडला आणि साहेबांना दार उघडायला जागा उरली नाही. सुमननं गिलास सरळ जीपच्या बॉनेटवर ठेवला. एक जाम स्टीलच्या वाटीत ठेचला, पिळला, पेज घातली. गिलास थरथरत होता. ड्रायव्हरनं कुणी न सांगता इंजिन बंद केलं. थेंब पडला, निळा झाला, विरला. पुन्हा पडला, विरला. मुली मोठ्यानं मोजायला लागल्या, कुणी मराठीत, कुणी तेलुगूत, कुणी गोंडीत, आणि सगळ्यांचे आकडे वेगवेगळे. थोड्या वेळानं साहेबांनी पुढे होऊन सुमनच्या हातातून ड्रॉपर घेतला आणि स्वतःच थेंब सोडू लागले. "अरे, ये तो सब पीता जा रहा है," असं ते लहान मुलासारखं म्हणाले. शेवटी एकदाचा रंग टिकला तेव्हा मुलींनी असा गिल्ला केला की पार्वताबाई पळी घेऊन बाहेर आली. साहेबांनी एका मुलीच्या हातातला जाम घेतला, रुमालानं पुसला आणि तिथंच उभ्या उभ्या खाल्ला. सुमन माझ्या खांद्याला टेकून उभी होती. मला तिचा इतका अभिमान वाटला, की मी तिला दोन शिव्या दिल्या.

मंजुरी आली. गोष्ट इथं संपायला हवी, पण सुमनच्या गोष्टी अशा संपत नसत. मंजुरीतून टेंडर निघालं आणि टेंडरमधून हॉस्टेलात पोचायला लागले ते साल काळी पडलेली केळी आणि बाजारात न खपलेले मऊ जाम. उतरलेलेच. ती माझ्यासमोर येऊन म्हणाली, "पाह्य निमे, कागद पिकेपर्यंत फळ सडते." मग तिनं कागदाचा नाद सोडला आणि झाडं लावायला घेतली. ज्या हॉस्टेलात जाईल तिथं जाम. रोपं मी बेल्याहून आणवून द्यायचे. लग्नानंतर ती मंचेरियलला गेली. नवरा खाणीच्या ऑफिसात, गाव कोळशाचं. तिथल्या मुलींच्या हॉस्टेलातही तिनं झाडं लावली. पानांवर काळी धूळ बसायची, मुली झाडं धुवायच्या. नवरा गेला, ती रिटायर झाली, तरी संध्याकाळी हॉस्टेलच्या फाटकाशी ती असायचीच. फोनवर माझी ख्यालीखुशाली विचारायच्या आधी सांगायची, यंदा बहार कसा धरलाय.

उन्हाळ्यात आली होती ती शेवटची. मी कौतुकानं आंबा कापून पुढे ठेवला. शीतगृहातून आणलेला माल, दिसायला देखणा. तिनं एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, "नुसता गोडवा हाय निमे. बाकी सारं घरी ठेवून आलाय." मी चिडले. म्हटलं, तुला पंचपक्वान्न वाढलं तरी तू त्यात आयोडीनच टाकशील. तीही चिडली. बस सुटेल म्हणून उठली... म्हणजे उभीच होती, चालू लागली. स्टँडच्या वळणावर तिनं मागं वळून हात केला की घाम पुसला, हे मी आता रोज आठवून पाहते आणि रोज वेगळं आठवतं.

बसगाड्या सुरू झाल्यावर मी मंचेरियलला गेले. घरात करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. संघमित्रा म्हणाली, हॉस्टेलात शोकसभा आहे, चल. मोठ्या खोलीत खुर्चीवर सुमनचा फोटो, हार, मेणबत्त्या. बुद्धवंदना झाली. फोटोसमोर मुलींनी स्वतः तोडून, कापून ठेवलेल्या जामाच्या फोडी, ताटली भरून. मग भाषणं. एक रिटायर सर उठले आणि मॅडमच्या त्यागाविषयी, सेवेविषयी बोलू लागले. चांगलंच बोलत होते, पण थांबत नव्हते. माझं लक्ष भाषणात नव्हतं. मी त्या फोडींकडे पाहत होते. कडा तांबूस पडायला लागल्या होत्या. मला आतून इतकी तगमग झाली की पदराचं टोक पिळून पिळून ओलं झालं. पण फोटोसमोरचं कार्यक्रम संपेस्तोवर हलवायचं नसतं, हे काय मला कुणी सांगायला हवं?

पहिल्या रांगेतली एक बुटकी मुलगी भाषण चालू असतानाच उठली आणि ताटलीशी गेली. वॉर्डनबाई दबक्या आवाजात तेलुगूत म्हणाल्या, "ए, बस खाली." मुलगी बसली नाही. तीही तेलुगूतच म्हणाली, "मॅडमनी सांगितलंय, कापलेलं ठेवायचं नाही." वॉर्डनबाईंनी संघमित्राकडे पाहिलं. संघमित्रानं पुढे वाकून मेणबत्ती जराशी बाजूला सरकवली, ताटली निघेल एवढी. सर बोलायचे थांबले. ती मुलगी ताटली घेऊन रांगेरांगेतून फिरली, प्रत्येकीच्या हातात एकेक फोड, मग बायकांना, मग माझ्या हातात, मग त्या सरांच्याही. गदर होता जाम, करकरीत. मी रडत रडत खाल्ला आणि खोलीभर फक्त चावण्याचा आवाज होता. शेवटची फोड संपली तेव्हा त्या मुलीनं रिकामी ताटली नेऊन परत फोटोसमोर ठेवली, ओढणीला हात पुसले, आणि सरांकडे वळून म्हणाली, "आता बोला."